शिवण बाहेरच्या बाजूला

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा नांदेडच्या एका बालरोगतज्ज्ञांनी तिच्या कागदावर दोन इंग्रजी अक्षरं लिहिली. ओ आणि टी. त्या दोन अक्षरांपायी पुढचे अकरा दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

मी हदगावात लेडीज टेलर आहे. वडीलही टेलरच होते, पण ते पुरुषांचे कपडे शिवायचे. रेडिमेडची दुकानं आली तसं त्यांचं काम आटलं आणि मी ब्लाउज, पंजाबी ड्रेस, मुलींचे फ्रॉक यांच्याकडे वळलो. घरी आम्ही दख्खनी बोलतो, पण माझी शाळा मराठीत झाली, त्यामुळं लिहायचं म्हटलं की हाताला मराठीच येते. बायको निलंग्याची. लग्नानंतर सात वर्षांनी आम्हाला ही एक मुलगी झाली, आणि एकच.

ती बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती, पण तीन घरं पलीकडं कुकरची शिट्टी झाली की कानावर हात दाबून जमिनीवर आडवी पडायची. दुकानात आणली की माझ्या मशीनच्या चाकासमोर बसून राहायची. चाक फिरतंय तोवर खूश, थांबलं की रडं. आणि अंगावर कपडा ठेवायची नाही. घातला की ओढून काढायची, निघाला नाही तर गळ्याशी बोटं घालून फाडायची. टेलरची पोरगी आणि उघडी फिरती, असं गल्लीतल्या बायका हसत म्हणायच्या. मला ते हसणं लागायचं. कपडा माझा धंदा होता.

तर नांदेडचे डॉक्टर. त्यांनी अर्धा तास तिला बघितलं. ती सगळा वेळ त्यांच्या टेबलाखाली होती. ते खुर्ची सोडून खाली वाकले, चावी हलवली, नाव घेतलं, मग वर येऊन बसले आणि म्हणाले, ‘ऑटिझम आहे. हिचा मेंदू वेगळ्या पद्धतीनं चालतो. याला गोळी-औषध नाही. ओटी मात्र लागेल, आणि जितकी लवकर होईल तितकं बरं.’

बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला होता. आम्ही उठलो. व्हरांड्यात बायकोनं मला विचारलं, ‘ओटी मतलब?’

मला माहीत होतं. मुलीच्या जन्माच्या वेळी सिझर झालं, तेव्हा मी ज्या दारासमोर दोन तास उभा होतो त्या दारावर लाल दिव्याखाली हीच दोन अक्षरं होती. मी म्हणालो, ‘ऑपरेशन.’

तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. हदगावला पोचेपर्यंत तिनं तो काढला नाही. मुलगी बसमध्ये हात झटकत होती, किंचाळत होती, तरी तो हात पुन्हा डोक्यावर जायचा. भोकर फाट्याच्या पुढं आल्यावर ती हळूच म्हणाली, ‘सर खोलते क्या जी इसका?’ डोकं उघडतात का. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अकरा दिवस. माझ्या थोरल्या भावाशिवाय आम्ही कुणाला सांगितलं नाही. बायको रोजे धरायला लागली. मी कात्री हातात घेतली की मला भलतंच दिसायचं आणि मी ती खाली ठेवायचो. दोन ब्लाउज मापाला चुकले. बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी एकटाच नांदेडला गेलो आणि डॉक्टरांपुढं उभा राहून विचारलं, ‘साहेब, ऑपरेशन कधी धरायचं?’

त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं. ‘ऑक्युपेशनल थेरपी,’ ते म्हणाले. ‘चिरफाड काही नाही. आवाज, स्पर्श, उजेड हे सगळं तिला आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतं. झोका, चेंडू, माती, खेळ यातून शिकवतात. जेवणं, कपडे घालणं, एका जागी बसणं. रोजचं जगणं शिकवतात म्हणा.’

मी खुर्चीतच रडलो. मग डोळे पुसून विचारलं, ‘कुठं मिळतं हे?’

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. ‘तीच अडचण आहे,’ ते म्हणाले. ‘माझ्या माहितीत इथं सध्या कुणी नाही. हैदराबाद, पुणे. संभाजीनगरला चौकशी करा.’

परत येताना बसमध्ये माझ्या मनात एक विचार आला आणि त्याची मला लाज वाटली. ऑपरेशन असतं तर निदान त्याची तारीख मिळाली असती.

त्यानंतरचं वर्ष चौकशीत गेलं. एका गिऱ्हाईक बाईंनी फिजिओथेरपीवाल्याचा पत्ता दिला. तो भला माणूस होता. त्यानं मुलीचे पाय वाकवून बघितले आणि सरळ सांगितलं, ‘हिचे पाय ठणठणीत आहेत. माझं काम हाडा-स्नायूंचं. तुम्हाला पाहिजे ते मला येत नाही.’ कुणी सांगितलं एका सरकारी दवाखान्यात अशी खोली आहे म्हणून. आम्ही गेलो. खोली होती. काचेच्या दारातून आत निळा झोका दिसत होता, मोठमोठे चेंडू होते, भिंतीवर फुलपाखरं रंगवली होती. झोक्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. दाराला कुलूप.

तिथं स्टुलावर बसलेला शिपाई म्हणाला, ‘जागा रिकामी हाय. म्याडम यायच्यात. ऑर्डर निघाली म्हणून राहिलेत.’

‘कधी?’

‘आता ते मी कसं सांगू? मागल्या उन्हाळ्यापासून ऐकून राहिलो मी बी.’

मुलगी काचेला कपाळ लावून झोक्याकडं बघत होती. तिला तिथून काढायला आम्हाला अर्धा तास लागला. ती काचेवर डोकं आपटायला लागली तेव्हा शिपाई उठून आला आणि त्यानं आपला तळहात तिच्या कपाळाच्या आणि काचेच्या मध्ये धरला. नंतर आम्ही तिथं तीनदा फोन केला. तीनदा उत्तर तेच.

त्या वर्षीच्या ईदची गोष्ट मला सांगायची नव्हती, पण ती टाळून पुढचं सांगता येणार नाही. रमजानभर दुकानात गिऱ्हाईकांची रीघ असते. त्या गडबडीतही मी मुलीसाठी फ्रॉक शिवला. साटीनचा, गळ्याला जरीची पट्टी, खाली जाळीचा घेर, कमरेला इलॅस्टिक. माझ्या हातून इतकं बारीक काम क्वचितच झालं असेल. ईदच्या सकाळी घरात भाऊ, वहिनी, पुतण्या, शेजारपाजारचे सगळे होते. बायकोनं तो तिला घातला आणि तिनं किंकाळी फोडली. जमिनीवर लोळली, जरीची पट्टी ओरबाडली, गळ्यावर रक्त आलं. सगळे बघत होते. मी तिच्या गालावर चापट मारली. जोरात. ती गप्प झाली आणि घरातल्या मशीनच्या मागं जाऊन बसली, फ्रॉक अंगात तसाच. पाऊण तासानं तिनं उलटी केली. लोक शीरखुर्मा खात होते.

ती साडेचार वर्षांची झाली आणि निलंग्याहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. लातूरला एक सेंटर निघालंय, तिथं पोरांना झोक्यावर घालून शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, असं त्याला बसमध्ये एका मास्तरांनी सांगितलं होतं. हदगावाहून लातूर म्हणजे जाण्यातच दिवस जातो. बायकोनं एका दिवसात ठरवलं. ती आणि मुलगी निलंग्याला तिच्या भावाकडं राहतील, आठवड्यातून तीनदा एसटीनं लातूरला जातील. मी इथं दुकान सांभाळीन आणि दर पंधरा दिवसांनी जाईन. भाऊ म्हणाला, ‘घर फोडून राहिले तुम्ही एका पोरीसाठी.’ बायको त्याच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. ‘एकीच तो है, भाईजान.’

पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. मॅडम तिशीच्या आतल्या, उदगीरकडच्या, जाड फ्रेमचा चष्मा, पायात मोजे. त्यांनी मुलीला हात लावला नाही, नाव विचारलं नाही. तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसल्या आणि एका परातीतल्या मुगात नुसती बोटं फिरवत राहिल्या. वीस मिनिटं. मुलगी आधी भिंतीकडं होती, मग परातीकडं वळली, मग सरकली. शेवटी तिनं कोपरापर्यंत हात मुगात खुपसला आणि डोळे मिटले. तिचा चेहरा इतका निवांत मी झोपेतही पाहिला नव्हता.

मग मॅडमनी मला विचारलं, ‘हिचे कपडे कोण शिवतं?’

‘मीच. मी टेलर आहे.’

‘अरे वा. मग तर सोपंय.’ त्यांनी मुलीचा फ्रॉक काखेपाशी उलटून मला आतली शिवण दाखवली. ‘दादा, हे तुम्हाला-मला जाणवत नाही. हिला दिवसभर इथं काटे टोचतायत असं समजा. इलॅस्टिक म्हणजे कमरेला कुणीतरी सतत दोरी आवळतंय. तुम्ही कपडे उलटे शिवा. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला. लेबल नको, जरी नको, इलॅस्टिक नको. जुना धुतलेला सुती कपडा घ्या.’

मी बाहेर येऊन चहाच्या टपरीमागं उभा राहिलो. तीस वर्षं मी मशीनवर बसतो. बाईनं हात वर केला की ब्लाउज कुठं ओढणार हे मला न विचारता कळतं. आणि माझी लेक साडेचार वर्षं मला सांगत होती की इथं टोचतंय, तिला येत होतं त्या एकाच पद्धतीनं सांगत होती, आणि मी तिला मारलं होतं.

निलंग्याला मेहुण्याच्या घरी मशीन नव्हतं. शेजारच्या बाईंच्या मशीनवर मी त्याच दुपारी सासऱ्यांच्या जुन्या मलमलच्या कुडत्यातून फ्रॉक बेतला. शिवण बाहेर, दोऱ्याची टोकं बाहेर, खांद्याला नाड्या. दिसायला अगदी गबाळा. तिनं तो घातला, दोन्ही हात पोटावरून फिरवले आणि अंगणात निघून गेली. संध्याकाळपर्यंत तिनं तो काढला नाही. बायको मला म्हणाली, ‘देखो.’ मी बघतच होतो.

पुढचे सात-आठ महिने आमच्या आयुष्यातले बरे दिवस. मॅडमनी मला एका कागदावर जाकिटाचं चित्र काढून दिलं, छोट्या छोट्या कप्प्यांचं. त्यात तांदळाच्या पुरचुंड्या भरायच्या. अंगावर थोडं वजन पडलं की मुलीला आपलं शरीर कुठं आहे ते कळायचं, ती शांत व्हायची. होजिअरीच्या कापडाची झोळी शिवायला सांगितली, आडव्या दांडीला टांगायची. मुलगी त्यात शिरून शेंगेतल्या दाण्यासारखी बसायची. मॅडम म्हणाल्या, ‘दादा, अशी बाजारात मिळत नाही हो. बाकीच्या मुलांसाठी शिवाल का?’ मी पाच शिवून नेल्या. हदगावच्या दुकानात त्या शिवताना माझा मान वाढल्यासारखं मला वाटायचं.

मुलगी चमच्यानं खिचडी खायला लागली. निम्मी सांडायची, पण खायची. चप्पल स्वतः घालायची, उलटसुलट. बसमध्ये आधी निलंग्याचं स्टँड सुटायच्या आत रडं सुरू व्हायचं. आता जाकीट घातलं की ती औशापर्यंत खिडकीला गाल लावून बसायची. एकदा मी निलंग्याला पोचलो तेव्हा ती ओट्यावर होती. माझ्याकडं बघितलं नाही, पण उठून आली आणि माझं करंगळीशेजारचं बोट धरून मला पाण्याच्या माठापर्यंत घेऊन गेली. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘हे मागणं आहे दादा. तिनं तुमच्याकडं काहीतरी मागितलं.’

मग एका शनिवारी त्यांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. त्या पुण्याला चालल्या होत्या. मिस्टरांची नोकरी तिकडं होती, दीड वर्षं दोघं दोन गावी राहत होते. सेंटर त्यांचं नव्हतंच, त्या तिथं नोकरीला होत्या. ‘इथं माझ्यासारखी मी एकटी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी नऊपासून मुलांमागून मुलं. कुणाशी बोलायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, कुणी नाही. मी थकलेय.’ त्यांनी एक दोनशे पानी वही आमच्या हातात दिली. त्यात आमच्या मुलीसाठी काय काय करायचं ते मराठीत, चित्रं काढून लिहिलं होतं.

त्यांच्यावर रागवावं असं मला खूप वाटलं. जमलं नाही. मी स्वतः सात-आठ महिने बायको-मुलीपासून लांब होतो, मला कळत होतं.

सेंटरच्या मालकानं त्यांच्या जागी एक नवी शिकवणारी ठेवली. तिनं कसलासा थोड्या दिवसांचा कोर्स केला होता. पहिला बदल झाला तो दाराचा. मॅडम दार उघडं ठेवायच्या, आईला आत बसवायच्या. आता दार बंद, आणि पालकांनी बाहेर. बायको बाहेर बाकावर बसायची. तिसऱ्या आठवड्यात आतून आमच्या मुलीचा आवाज आला, मग आवाज थांबला. बायको मला नंतर म्हणाली, आवाजाची भीती वाटली नाही, थांबला त्याची वाटली. तिनं दार ढकललं. मुलगी प्लॅस्टिकच्या खुर्चीत होती आणि तिच्या पोटावरून ओढणी घेऊन मागं गाठ मारलेली होती. जाकीट कोपऱ्यात पडलेलं. खाली ओलं झालं होतं.

‘बसायची सवय लागायला पाहिजे ना ताई,’ ती शिकवणारी म्हणाली. ती स्वतःही घाबरलेली होती, असं बायको सांगते.

बायकोनं गाठ सोडली, मुलीला उचललं आणि स्टँडवर आली. परत ती सेंटरच्या जिन्यावर चढली नाही.

मी लातूरला गेलो तो भांडायलाच. मालकाच्या केबिनमध्ये उभा राहिलो, रस्ताभर घोकलेलं सगळं तोंडाशी होतं. तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्हाला पटत नसेल तर दुसरीकडं न्या. कुठं नेणार, सांगा?’ मी शिवलेल्या पाचही झोळ्या बाहेरच्या हॉलमध्ये टांगलेल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता मी जिना उतरलो.

मिळालेलं सगळं दोन महिन्यांत गेलं. चमचा ती फेकायला लागली. उलटे शिवलेले फ्रॉकही अंगावर ठेवेना. जाकीट दिसलं की किंचाळायची. तिच्या डोक्यात ते आता त्या खुर्चीशी जोडलं गेलं असावं, असा माझा अंदाज. नक्की कोण सांगणार? बायको वही उघडून बसायची, चित्रातल्यासारखं करायला जायची, मुलगी तिचा हात चावायची. मॅडम पुण्याहून व्हिडिओ कॉल करायच्या, हे मला त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण मुलगी फोनकडं बघायची नाही, आणि निलंग्यात मेहुण्याच्या घरात फोनला रेंज धरायची ती फक्त गच्चीवर. एकदा मॅडम म्हणाल्या, ‘ताई, तिच्या हाताला हात लावल्याशिवाय मला कळत नाही ती किती ताणलेली आहे. मी तुम्हाला अंदाजानं सांगतेय, आणि तसं मला सांगायचं नाही.’ त्यांच्या पोटात तेव्हा बाळ होतं. हळूहळू फोन कमी झाले.

बायको मुलीला घेऊन हदगावला परत आली त्या प्रवासात लातूर-नांदेड बसमध्ये मुलगी इतकी ओरडली की अहमदपूरच्या स्टँडवर लोकांनी कंडक्टरकडं गलका केला. कंडक्टर वाईट नव्हता. ‘भाभी, उतरा इथं. लेकरू शांत झालं की मागच्या गाडीनं या,’ तो म्हणाला. एक बाई म्हणाली, ‘येडी हाय का पोरगी?’ बायको मुलीला घेऊन उतरली. त्या दोघी अहमदपूरच्या स्टँडवर साडेतीन तास होत्या. मी जीप करून आणायला गेलो तेव्हा मुलगी बाकाखाली होती आणि बायको बाकाशेजारी फरशीवर, तिच्या बाजूला, बुरख्याचा एक पदर तिच्यावर धरून. मला बघून ती म्हणाली, ‘चलो जी घर. बस हो गया.’

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आता दहाची आहे. मधल्या चार वर्षांत आम्ही काही केलं नाही असं नाही. नांदेडला एक नवीन सेंटर निघालं, तिथं गेलो. तिथल्या बाईंनी वय विचारलं, मग पेन खाली ठेवलं. ‘आम्ही लहान मुलांबरोबर काम करतो. पाच-सहाच्या आत आली असती तर...’ बायको म्हणाली, ‘आली होती.’ त्यांना ते कळलं नाही आणि तिनं समजावलं नाही. एका शाळेत गेलो, ती मूकबधिर मुलांची होती. गावातल्या शाळेनं तिचं नाव पटावर ठेवलं आहे, एवढंच. मास्तर म्हणतात, आणू नका, नाव असू द्या.

मागच्या पावसाळ्यात हिमायतनगरहून एका बापाचा फोन आला. माझा नंबर त्याला त्याच बालरोगतज्ज्ञांकडून मिळाला होता. त्याची मुलगी तीन वर्षांची. ‘दादा, तुम्ही कुठं कुठं नेलं ते सांगा,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला अनुभव हाय.’ मी त्याला लातूरचं सांगितलं, वर्षभरापूर्वी तेही बंद पडलं हे सांगितलं. पुण्याला नेता येईल का विचारलं. तो म्हणाला, न्हाई जमायचं. मग मी त्याला कपडे कसे शिवायचे ते सांगितलं. तो ऐकत राहिला, हाव, हाव म्हणत राहिला. फोन ठेवताना म्हणाला, ‘म्हणजे आता फकस्त कपडेच?’

हल्लीची गोष्ट. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा बायको आली. मुलीला तिनं वहिनीकडं ठेवलं होतं. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि कापडाच्या कतरणी गोळा करत म्हणाली, ‘बड़ी होने को आई जी वो.’

मला आधी समजलं नाही. मग समजलं. एक-दोन वर्षांत तिला पाळी येईल. कमरेला नाडी सहन न करणारी, अंगाला काही चिकटलं की ओरबाडणारी ही पोर. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, ती ते अंगावर ठेवेल कशी. गल्लीत, घरात, भाऊ-पुतण्यांसमोर. बायको म्हणाली, तुम्ही शिवा काहीतरी. ती काढून टाकणार नाही असं. आत्तापासून सवय लावू.

माझ्या वडिलांनी मला जे शिकवलं त्यात हे नव्हतं. कोणत्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही. हे कुणाला विचारायचं? हेच तर त्या मॅडमचं काम होतं. मी पुण्याला फोन लावला. त्यांनी उचलला नाही, पण दोन दिवसांनी आवाजाचा निरोप पाठवला. मागं त्यांचं मूल रडत होतं. ‘दादा, तुम्ही आत्तापासून विचार करताय हे फार बरं आहे. पण प्रत्येक मुलीचं वेगळं असतं हो. मला तिला बघावं लागेल. एकदा पुण्याला आणता येईल का?’

तिला आम्ही हदगावच्या स्टँडपर्यंतही नेऊ शकत नाही.

मी पाळीत घालायची चड्डी शिवायला लागलो. पहिला नमुना जुन्या धोतराचा, नाडी नाही, कमरेला रुंद मऊ पट्टा, शिवण बाहेर. तिनं लगेच काढला. दुसरा होजिअरीचा. तो दहा मिनिटं राहिला, मग तिनं तो दातांनी धरून फाडला. तिसऱ्याला खांद्यावरून पट्टे दिले, कमरेवर भार नको म्हणून. तिला ते जाकीट वाटलं असावं. ती मशीनच्या मागं जाऊन बसली आणि तास-दीड तास बाहेर आली नाही. चौथा आणि पाचवा मी रागात शिवले, ते मलाच आवडले नाहीत.

मागच्या आठवड्यात सहावा केला. बायकोनं तो तिला घातला, तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला. मुलगी उभी राहिली. मी दारातून बघत होतो. तिनं खाली बघितलं, दोन्ही अंगठे कडेला घातले आणि काढला. रडली नाही, चिडली नाही. घडी घातल्यासारखा जमिनीवर ठेवला आणि निघून गेली.

बायको म्हणाली, ‘थोडे दिन रैने देव जी.’ थोडे दिवस राहू द्या.

मी म्हणालो, बरं. तिनं तो उचलला, धुवायच्या कपड्यांत टाकला. मी दुकानात आलो. एक बाई माप द्यायला येऊन थांबल्या होत्या.